काकूंच्या डोक्यावरचा कूलर

नागपुरात कूलर बसवणं म्हणजे घरातलं लग्नच. आमचा पत्र्याचा कूलर तर असा दांडगा, की एकदा त्याच्या वाऱ्यानं माझी टोपी उडाली ती कोराडीच्या बसच्या टपावर सापडली. खोटं वाटत असेल तर टोपीला विचारा, अजून तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा वास येतो.

यंदा मात्र त्याच कूलरनं माझी झोप उडवली. तो खिडकीबाहेर लोखंडी अँगलवर बसलेला, आणि बरोबर त्याच्या खाली, अंगणात, तळमजल्यावरच्या काकू भरदुपारी बाज टाकून झोपतात. वरून गारवा उतरतो ना!

सहज अँगलला हात लावला, तर रंगाचा पापुद्राच हातात आला. भिंतीपाशी लोखंड चांगलं फुगलं होतं. पाणी आणि हवा मिळाली की लोखंडाचा गंज होतो, आणि गंजाला जागा जास्त लागते. म्हणजे जिथं अँगल पैलवान दिसतो, तिथंच तो आतून संपलेला. आम्ही दर उन्हाळ्यात गंज न खरवडता वरून चंदेरी रंग फासत आलो. ओल आत कोंडून राहिली. त्यात मीठ! पाण्याला वास येऊ नये म्हणून आमची अख्खी गल्ली कूलरच्या टाकीत मूठमूठ मीठ टाकते. खारं पाणी ठिबकलं की गंजाला पायच फुटतात. आणि हा मिठाचा सल्ला गल्लीला दिला कोणी? काकूंनीच.

"काकू, बाज सरकवा. वरचा अँगल सडला."

"काहून गा? मस्त रंग तं दिसून राहिला! माह्या गारव्यावर डोळा आहे तुहा."

काकूंनी पुन्हा डोळे मिटले. वर टाकी काठोकाठ भरलेली, खाली काकूंचं पांढरं डोकं. शेवटी बायकोनं खिडकीतून हाक मारली, "काकू, माह्या लोणच्याले बुरशी आली वं! या ना पाहाले!"

दुसऱ्याच्या बिघडलेल्या लोणच्यासाठी काकू जिना दोन ढांगांत चढल्या. तेवढ्यात गल्लीतली तीन पोरं आणि मी, अशा आम्ही चौघांनी टाकी रिकामी केली, कूलरला दोर बांधले. पहिला नट पान्यानं जरा फिरवला, तोच अँगल खारी बिस्किटासारखा मोडला. कूलर दोरांवर लोंबकळला, तळहात सोलले गेले, आणि तो कण्हत खाली आला. थेट बाजेवर.

काकू परत आल्या. लोणचं चांगलं निघालं म्हणून आधीच नाराज. मी मोडका अँगल दाखवला. त्यांनी तो बोटांनी चुरला.

मग म्हणाल्या, "आता मले गार वारा कुठून येईन?"

आणि आमच्या कूलरखालून बाज ओढून, शेजाऱ्याच्या खिडकीखाली नेऊन टाकली. मी वर पाहिलं. त्याच्याही कूलरचा अँगल नव्या रंगानं लखलखत होता.

दोर खांद्यावर टाकून मी शेजाऱ्याची बेल दाबली, आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.