जनीच्या पिल्लांची ऊब

कासू स्टेशनाकडून गावात शिरलं की नाथाचं घर दिसायच्या आधी कोंबड्यांचा कलकलाट कानावर येतो. हा सगळा पसारा त्याच्या बायकोचा, जनीचा.

जनी मूळची खाडीकडची. मिठागरावर वाढली, मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून मोठी झाली आणि तिथेच काम करणाऱ्या नाथाशी तिचं लग्न झालं. पुढे एका उधाणात बांध फुटला आणि मिठागर पाण्याखाली गेलं, ते कोणी पुन्हा उभं केलं नाही. नाथाच्या मामाचं कासूतलं घर रिकामं होतं, तिथे दोघं राहायला आली. नाथा वडखळला हार्डवेअरच्या दुकानात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. जनीला शेतीतलं काही कळत नव्हतं. तिने कोंबड्या पाळल्या.

एका दिवसाची पिल्लं आणायची, जरा मोठी करायची आणि गावोगावच्या बायकांना विकायची, असा तिचा धंदा. त्या पिल्लांना आई नसते, म्हणून ऊब आपणच द्यावी लागते. नाथाने पत्रा गोल वळवून पेटी केली, खाली भाताचं तूस पसरलं आणि वर जुन्या तऱ्हेचे पिवळे बल्ब टांगले. नव्या एलईडीला उजेड असतो पण ऊब नसते, त्यामुळे हे तापणारे बल्ब जनी शोधून शोधून आणायची.

त्यांचं एकच दुखणं होतं. बल्ब जाताना आतली तार तुटायची, क्षणभर लख्ख उजेड व्हायचा आणि मीटरजवळचा एमसीबीचा खटका खाली पडायचा. एक बल्ब गेला की बाकीचे बल्ब बंद, पंखा बंद, सगळं घर बंद. जनी घरात असली तर बल्ब बदलून खटका वर करायची. पण पिल्लं लहान असली की तिला घर सोडवायचं नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीलाही ती गेली नव्हती.

त्या पौषात मात्र खाद्य संपलं आणि तिला वडखळला जावंच लागलं. येताना हायवेवर गाड्या तुंबल्या. घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती आणि पडवीत चिवचिव नव्हती. पेटी रिकामी होती. मुंगूस शिरलं असणार, असं वाटून ती पेटीभोवती रक्ताचे डाग शोधू लागली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. हाक शेजारच्या ठमाबाईची होती, हे कळायला तिला जरा वेळ लागला, कारण वर्षभर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. जनीच्या कोंबड्यांनी ठमाबाईचा नुकता उगवलेला वाल उकरून टाकला होता. मिठावरच्या माणसांना शेताची काय किंमत, असं ठमाबाई रागात बोलून गेली होती, आणि जनीनेही तोंडाला येईल ते सुनावलं होतं.

जनी गेली. ठमाबाईच्या चुलीजवळ मोठी टोपली होती, वरून गोणपाट टाकलेलं. गोणपाट उचललं तर आत पिल्लं एकमेकांच्या कुशीत शिरून पेंगत होती.

"रडण्याचा आवाज बदलला त्यांचा, म्हणून बघाया आले," ठमाबाई म्हणाली. "लाईट नव्हती. गारठ्यानं सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. खटक्याला हात लावाया भ्याले, म्हणून उचलून इकडं आणली. खालची दबली होती गो, ती नाय वाचली."

मेलेली पिल्लं तिने फेकली नव्हती. पळसाच्या पानावर नीट ओळीने ठेवली होती, जनीला बघता यावीत म्हणून. ते पान बघून जनीला जे रडू आलं ते मेलेल्यांसाठी होतं की जगलेल्यांसाठी, तिचं तिलाच कळेना. ती तिथेच खाली बसली. ठमाबाईने चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नाथा दुकानातून मोठ्या आकड्याचा, म्हणजे जास्त अँपिअरचा खटका घेऊन आला. हा पडणार नाही, असं त्याचं म्हणणं. ठमाबाईने त्याला थांबवलं. तिची लेक मृणाली रोह्याला कंपनीत वायरिंगचं काम करते, रविवारी येईल, तिला विचारून काय ते करा, म्हणाली.

मृणाली आली ती पिशवीत सामान घेऊनच. तिने आधी घरभर फिरून वायरी पाहिल्या. मग नाथाला समजावलं, की तार तुटताना बल्बच्या आत ठिणगी उडते आणि क्षणभर करंट एकदम उसळतो. खटक्याला वाटतं कुठे शॉर्ट झालं, म्हणून तो पडतो.

"मग मोठा बसवला तर काय बिघडलं?" नाथाने विचारलं.

"काका, तुमच्या वायरी बारीक आहेत. उद्या खरंच लोड वाढला तर वायरी तापून जळतील आणि मोठा खटका गप बसून राहील. आकडा तोच ठेवायचा, फक्त जात बदलायची. क्षणाचा झटका सोसणारा खटका मिळतो. खरा शॉर्ट झाला तर तोही पडतोच."

नाथाने आपला खटका पिशवीत परत टाकला. मृणालीने मेन बंद करून पेटीची लाईन घरापासून वेगळी केली आणि तिचेही दोन भाग केले. अर्धे बल्ब एका खटक्यावर, अर्धे दुसऱ्यावर. कधी एक पडलाच तरी अर्धी पेटी उबदार राहील, असा तिचा हिशेब होता. काम होईस्तोवर पिल्लं पुन्हा ठमाबाईच्या चुलीपाशी गेली, आणि त्यांच्यामागे जनीही.

त्यानंतर जनीने भावाकडून जुनी जाळी मागवली आणि ठमाबाईच्या वालाभोवती स्वतः बांधून दिली. ठमाबाई बांधावर बसून गाठी कुठे सैल आहेत ते सांगत होती.

माघात एका दुपारी जनी पिल्लांना पाणी ठेवायला गेली, तर एक बल्ब काळा पडलेला. कधी गेला, तिला कळलंही नव्हतं. पंखा फिरत होता, बाकीचे बल्ब जळत होते, पिल्लं तुसात पसरून निवांत झोपली होती. तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मृणालीला फोन लावला. कंपनीतल्या आवाजात पलीकडचं धड ऐकू येत नव्हतं.

"बल्ब गेला गो बाय," जनी मोठ्याने म्हणाली, "आन् काय बी झालं नाय."

आणखी खूप बोलायचं तिने मनात जुळवलं होतं, पण त्या गोंगाटात ते पोचणार नव्हतं. शेवटी रविवारी जेवायला इकडेच ये, आईलाही घेऊन ये, एवढं सांगून तिने फोन ठेवला आणि त्या आठवड्यात भाचीला भेटायला निर्धास्त पेणला जाऊन आली.