जानव्याची गाठ

आमचे हे, म्हणजे हरिभाऊ, झाशीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. इंजिनाच्या पोटात वाकण्याआधी बोटातली अंगठी काढायची आणि जानव्याला गाठ मारून ठेवायची, ही त्यांची सवय. शेडमधले हसायचे, "पंडितजी की तिजोरी!" हसू देत मेले. सव्वीस वर्षांत यांच्या हातून एक खिळा आत राहिला नव्हता.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. अठ्ठावीस वर्षं मालगाड्या ओढून खिळखिळं झालेलं एक इंजिन कारखान्यातून नवं होऊन आलं होतं. सांगाडा जुना, पोट नवं. पूर्वी सव्वीसशे घोड्यांची ताकद, आता एकतीसशे. यांना तर नातू झाल्यासारखा आनंद. "इंदू, चढावर धापा टाकायचं गं, आता बघ!" शेवटची तपासणी यांच्याकडेच होती. संध्याकाळी चारला पहिली मालगाडी घेऊन ते मानिकपूरकडे निघणार होतं, बेतवाच्या पुलावरून.

दोन वाजता हे घरी आले, आंघोळीला बसले आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. मी धावले. जानवं हातात धरून नुसते बघत होते. गाठ सुटलेली, अंगठी नाही.

"आतच पडली गं." 

"रस्त्यात पडली असेल."

"नाही. झाकण लावताना टिणकन वाजलं होतं. मला वाटलं, पाना लागला."

"मग? काय होईल?"

"इंजिन जाम होईल. नाहीतर आत तेलाचा भडका."

आणि मी काय म्हणावं? "गप बसा! कुणाला कळणार आहे? निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आपल्या दुर्गाचं लग्न व्हायचंय. नोकरी गेली तर सचोटी काय चुलीत घालायची?" देवाशपथ, अस्संच बोलले.

त्यांनी ओल्या अंगावर सदरा चढवला. सायकलचं कुलूप काही उघडेना. शेवटी मीच उघडून दिलं.

हे गेले, मग मी देवापुढे बसले. चार वाजले. सीपरी बाजारातल्या आमच्या घरी इंजिनांचे भोंगे ऐकू यायचे. निघाली का गाडी? हे पोचले तरी असतील का? जपाचे मणी बोटांतून निसटत होते.

साडेसहाला हे आले. गाडी थांबवली होती. फोरमन सगळ्यांदेखत ओरडला होता, "पंडितजी, दिमाग ठिकाने है?" तेल काढलं, तेव्हा जाळीत अंगठी सापडली. वर चौकशीची नोटीस हातात.

"गाडीवर ड्रायव्हर होता तरी कोण?" मी आपलं सहज विचारलं.

"रमाकांत."

माझा पाठचा भाऊ. "अहो, मग दुपारीच का नाही सांगितलंत? मी कशाला गप बसा म्हटलं असतं?"

"दुसऱ्या कुणाचा भाऊ असता, तर गप बसायचं होतं का, इंदू?"

रागावून नाही, हळूच विचारलं त्यांनी.