कच्च्या धाग्याचा फॉल

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच कळत नाही.

मी टोपणनावाने मोबाइलवर प्रेमकथा लिहिते. हलक्याफुलक्या, बायकांसाठी, शेवटी लग्न ठरलेलं. बदलापुरात घरच्यांना वाटतं, मी रेसिप्या बघत बसते. लाज वाटते ना — या वयात असलं लिहायचं? पण "पुढचा भाग कधी?" म्हणून वाचक बायका जीव खातात, आणि मला ते आवडतं. फार आवडतं.

माझी नणंद सुषमा आमच्याकडेच राहते. लग्न राहून गेलं तिचं. अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जाते. एकदा मेथी निवडता निवडता ती बोलून गेली. उल्हासनगरला साडीला फॉल-पिको करणारे एक सिंधी गृहस्थ आहेत. बायको वारलेली, दुकानात सोबतीला पिंजऱ्यातला पोपट. त्यांना भेटायला निमित्त हवं म्हणून ही बया एकच मोरपंखी साडी पुन्हा पुन्हा न्यायची — फॉल घरी स्वतःच उसवून! त्यांनाही ते कळलेलं. "मॅडम, धागा ही कच्चा है," म्हणायचे आणि परत कच्चाच धागा घालायचे. सांगताना सुषमा इतकी सुंदर दिसत होती, की मला भरून आलं.

आणि मी काय केलं? ते सगळं कथेत घातलं. नावं बदलली, साडी गुलाबी केली. पण उल्हासनगर, पोपट, तो कच्चा धागा — ते सोडवेना. कथा तुफान चालली. तिथल्या बायकांनी दुकान ओळखलं आणि जाऊन "धागा कच्चा है क्या?" म्हणून त्यांना चिडवायला लागल्या.

सुषमा घरी आली ती खांद्यावरची पर्स न काढताच खुर्चीत बसली. दुकानात त्या गृहस्थांनी तिला विचारलं होतं, "सबको बता दिया आपने?" आणि मग, "बहनजी, दूसरी दुकान देख लो." बहनजी म्हणाले तिला.

"वहिनी, तू कोणाला बोललीस का गं?"

"मी? नाही गं."

"मग त्यांनीच सांगितलं असणार. आणि वर मलाच विचारतात."

मी काय म्हणाले, सांगू? "पुरुषांचा काय भरवसा." असं म्हणाले मी. मी लिहिलंय — एवढंच सांगायचं होतं. तिला सांगितलं असतं, दुकानात जाऊन त्यांना सांगितलं असतं, तर कदाचित जुळलंही असतं. पण माझं नाव उघडं पडलं असतं. घाबरले मी. शेवटच्या भागात त्या दोघांचं लग्न लावून टाकलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं कितीजणींनी कळवलं. मी सगळ्यांचे आभार मानले.

गेल्या दिवाळीत सुषमाने ती साडी बाहेर काढली. फॉल अर्धा उसवलेला तसाच होता. "वहिनी, तूच लावून दे ना. आता कुठे जाऊ?"

मी दुहेरी धाग्याने लावून दिला. आता तो उसवणार नाही.