सभापतींच्या गाडीचे प्लग

दुपारची भांडी घासून झाली की गीताबाई पदर खोचून शेडात जायच्या. दिंद्रुडच्या शिवेला लागून त्यांचं घर, घराच्या अंगाला पत्र्याचं उघडं शेड आणि शेडात त्यांच्या नवऱ्याची, सुंदररावांची पांढरी अॅम्बेसेडर. बॉनेट उचलून टेकू लावायचा, वायरी काढायच्या, पान्यानं चारी प्लग सोडवून घ्यायचे. प्लग निघायचे ते तव्याच्या बुडासारखे काळेठिक्कर. पेट्रोलात भिजवून तारेच्या ब्रशानं घासायचे, चिंधीनं पुसायचे, उन्हात ठेवायचे. कुठली वायर कुठल्या प्लगाची हे चुकू नये म्हणून त्यांनी वायरींना रंगीत दोरे बांधले होते. हे सगळं उरकलं की गाडी कधी चालू व्हायची, कधी नाही.

पासष्टीच्या बाईनं हे करावं असं काही कुणाच्या मनात नव्हतं. होऊन बसलं.

सुंदरराव एके काळी पंचायत समितीचे सभापती होते. गाडी त्याच दिवसांतली. तालुक्यात ती दिसली की लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडायचे. गाडीत कार्यकर्ते असायचे, हारतुरे असायचे, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर असायचा. गीताबाईंना मात्र माहेरी उमापूरला जायचं झालं, की कडेवर पोराला, अंगदला घेऊन एसटीची वाट बघायची. "आज गाडीला काम हाय," एवढंच सुंदरराव म्हणायचे. त्याही वाद घालायच्या नाहीत. पुढं सभापतीपद गेलं, माणसं पांगली, ड्रायव्हर दुसऱ्या पुढाऱ्याकडं लागला. गाडी दसऱ्याला तेवढी धुतली जायची.

मग दोन वर्षांमागं सुंदररावांवरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. डावा हात तेवढा चालायचा. अंगद बायकोला, तेजश्रीला घेऊन बीडला राहायचा. ठेकेदारीच्या कामातून सवड मिळेल तसा यायचा, औषधं ठेवून जायचा. बाकी उठवणं, पुसणं, भरवणं, रात्रीतून कूस बदलणं, सगळं गीताबाईंवर. आणि रोज ऊन कललं की सुंदररावांचा डावा हात शेडाकडं व्हायचा. गाडीत बसवलं नाही तर ते जेवायचे नाहीत, तोंड फिरवून घ्यायचे. मग सालगडी धोंडीराम आणि गीताबाई मिळून त्यांना पुढच्या सीटवर बसवायचे, चोक ओढून गाडी चालू करायची, आणि इंजिनाचा आवाज ऐकत सुंदरराव अर्धा तास समोरच्या भिंतीकडं बघत बसायचे. जणू भिंतीतून रस्ता जात होता.

गाडी जागची हलायची नाही, नुसती धूर ओकायची. त्यानंच प्लगांवर काजळी धरायची. फाट्यावरचा मिस्त्री मुंजाजी दोनतीनदा येऊन साफ करून गेला. चौथ्यांदा गीताबाई म्हणाल्या, "मला दाखीव रे कसं करायचं ते. रोज रोज तुला तरी कुठवर बोलवावं?" मुंजाजीनं दाखवलं. ज्या गाडीत त्यांना बसायला जागा नव्हती, तिचं बाळंतपण असं त्यांच्याच गळ्यात पडलं.

त्या दिवशी सकाळपासून गीताबाईंचं डोकं जड होतं. रात्रभर सुंदरराव कण्हत होते. दुपारी प्लग घासून त्यांनी परत बसवायला घेतले आणि शेवटचा प्लग हातातून निसटला. खालच्या फरशीवर पडून त्याची पांढरी चिनीमाती तडकली. गीताबाई तिथंच बसल्या. रडू आलं नाही. उठावंसंच वाटेना. हाताला पेट्रोलचा वास, नखांत काजळ, आणि ओसरीवरून सुंदरराव हात करतायत, चला म्हणून.

"आता काय माजी हाडं लावू का इंजिनात?" त्या ओरडल्या. सुंदररावांचा हात खाली आला.

धोंडीरामनं फोन करून मुंजाजीला बोलावलं. तो नवा प्लग घेऊन आला, बसवला, बॉनेट खाली घेतलं आणि काजळलेल्या चिंध्यांकडं बघत म्हणाला, "अक्का, तुमी कितीबी घासा, हे पुन्ना काळंच होणार. हिला रस्ता पायजे. इंजिन तापलं, पळालं, म्हंजी काजळी आपसूक जळून जाती."

"रस्त्यावर न्यायची कुणी? मी?"

"मी नेतो की. आत्ताच नेतो. मालकाला बसवा."

"म्हशीची धार हाय, भाकरी टाकायच्यात..."

"धार मी काढतो," धोंडीराम म्हणाला. "जावा तुमी."

सुंदररावांना पुढं बसवलं. ते एका अंगाला कलंडायचे, म्हणून त्यांचा खांदा धरायला गीताबाई मागं बसल्या. मागच्या सीटवर त्या एवढ्या ऐसपैस कधी बसल्याच नव्हत्या. गाडी आधी अडखळली, ठसके देत निघाली, आणि माजलगावच्या रस्त्याला लागली तसा तिचा आवाज एकसारखा झाला. उघड्या काचेतून वारा आला. दोन्ही बाजूंना ऊस होता. गीताबाईंनी एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला, डोकं मागं टेकवलं, आणि ऊस संपायच्या आत त्यांना झोप लागली.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. समोर धरणाचं पाणी पसरलेलं, त्यावर शेवटचं ऊन. त्यांच्या अंगावर मुंजाजीचं उपरणं होतं. त्या दचकून उठल्या.

"आगं बया! किती लांब आणलंस? मला उठिवलं कावून न्हाई?"

मुंजाजी बाहेर बॉनेटला टेकून उभा होता. "अर्ध्या वाटंपसनंच माघारी फिरणार होतो अक्का. तुमाला हाक मारायला वळलो, तर मालकानं असं केलं." त्यानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "आन् मग हात केला, पुढं चल म्हणून."

गीताबाईंनी सुंदररावांकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते. सगळ्या जन्मात या माणसानं तू दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना रागच आला, एवढ्या उशिरा सुचलं म्हणून. मग रागवायचाही शीण वाटला. त्यांनी पदरानं सुंदररावांच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"चहा मिळंल का रे इथं कुठं?" त्यांनी मुंजाजीला विचारलं.

त्यानंतर मुंजाजी आठवड्यातून एकदा येऊ लागला. अंगदनं फोनवर एकदा कुरकुर केली, की एवढं पेट्रोल जाळून आई कुठं फिरते. गीताबाईंनी "ये, मग तू उचल तुज्या बापाला," म्हणून फोन ठेवला. गावात बायका हसायच्या, सभापतीणबाई म्हातारपणी हवा खायला निघाल्या म्हणायच्या. गीताबाईंनी कुणालाच सांगितलं नाही, की धरणापर्यंतचा रस्ता त्यांनी अजून नीट पाहिलेलासुद्धा नाही. गाडी गावाबाहेर पडली की त्या डोळे मिटायच्या, आणि पुढं बसलेले सुंदरराव मुंजाजीला हातानं खुणावायचे, हळू घे, हळू.