चौथ्या गाण्यातली करकर

सदर व्यक्ती स्त्री असून वय वर्षे अडतीस. हुद्दा : ध्वनिपरीक्षक, श्रेणी दोन. कामाचे ठिकाण : रेकॉर्डचा कारखाना, पहिला मजला, फोम लावलेली खोली. ओळखीची खूण : बसल्या जागी उजवा पाय हलत असतो. श्रवणशक्ती : वैद्यकीय दाखल्यानुसार सामान्य, सहकाऱ्यांच्या मते जीवघेणी. वर्तणूक : समाधानकारक. सूडबुद्धी : असा रकाना अर्जात नाही.

कारखान्यात तिला सगळे कानबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. कुठल्याही रेकॉर्डची पूर्ण छपाई सुरू करण्याआधी पाच नमुने काढतात. त्यातला एक कानबाईच्या टेबलावर यायचा. ती हेडफोन चढवायची, डोळे मिटायची आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकायची. तिची सही झाली की खाली मशीन सुरू. सही नाही, तर खुद्द मॅनेजरांनी हातापाया पडून उपयोग नव्हता. त्यांनी एकदा तसा प्रयत्न केला होता.

नोकरीबाहेर ती ड्रम वाजवायची. शाळेच्या बँडात ड्रम उचलून चालायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो तिच्या गळ्यात पडला आणि मग गळ्यातून काही उतरला नाही. वडील सोफे बनवायचे. रविवारी त्यांच्या दुकानात अर्धवट सोफ्यांच्या सांगाड्यांमध्ये ती सराव करायची, आणि सात वर्षांनी लहान असलेला भाऊ फोमच्या ढिगावर बसून तोंडाने गिटार वाजवायचा. ठेका मोजायला तिनेच त्याला शिकवलं. पुढे त्याने खरी गिटार घेतली, गायला लागला, दोन मित्र गोळा केले आणि बँड झाला. मागे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. ताई होती की.

नऊ वर्षं ताई होती. मग पहिली रेकॉर्ड काढायचं ठरलं. आठही गाणी मुद्रित झाली आणि पंधरा दिवसांनी भावाचा मोबाइलवर निरोप आला. बँडला आता ‘वेगळी इमेज’ हवी होती, ताईने गैरसमज करून घेऊ नये, ताईची जागा कोणी घेऊ शकत नाही. शेवटी एक लाल बदाम होता. ताईची जागा पुढच्याच आठवड्यात एकाने घेतली. तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याचे केस खांद्याच्या खाली येत. ड्रमचा भाग पुसून त्याच्याकडून पुन्हा वाजवून घेतला, असं तिच्या कानावर आलं. तिचे कान चांगले होते.

तिने आदळआपट केली नाही, आईकडे रडगाणं गायलं नाही. ड्रमवर चादर टाकली आणि कामावर गेली. फक्त त्या दिवसापासून दात घासताना ती भावाचं नाव पुटपुटायची आणि मग थुंकायची. आठ महिने, दिवसातून दोनदा.

आणि एका सोमवारी तोच नमुना तिच्या टेबलावर आला.

यात नशिबाचा वगैरे काही भाग नव्हता. चारशे प्रतींची किरकोळ ऑर्डर घेणारा दुसरा कारखाना जवळपास नव्हता. सोबत छापून आलेलं कव्हर होतं. मागच्या बाजूला लिहिलं होतं : ड्रम्स, सर्व गाणी, आणि पुढे केसवाल्याचं नाव. तपासणीच्या अर्जात ‘ग्राहकाशी नाते असल्यास नमूद करावे’ अशी ओळ असते. तिने लिहिलं, ‘होते’. मॅनेजरांनी त्यावर न वाचता सहीचा कोंबडा काढला.

पहिली तीन गाणी तिने सुरी परजत ऐकली. मुलगा बरा होता, हे तिला फार खटकलं. चौथं गाणं सुरू झालं आणि तिचा उजवा पाय थांबला. ठेक्याखाली बारीक करकर होती. ड्रमला पायाने ठोका देणाऱ्या तिच्या पेडलची. वर्षानुवर्षं भाऊ म्हणायचा, ताई, तेल घाल त्यात, आणि वर्षानुवर्षं ती उद्यावर ढकलायची. सात गाण्यांतून तिला पुसलं होतं. या एका गाण्यात मात्र पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तीच वाजवत होती, केसवाल्याच्या नावाने.

तिने सुई पुन्हा चौथ्या गाण्यावर ठेवली. मग पुन्हा. मग पेन उघडलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला छान भूक लागली.

बुधवारी भाऊ धावतपळत जिना चढून आला. शनिवारी प्रकाशनाचा कार्यक्रम होता आणि कारखान्याने नमुना नामंजूर केला होता. दार उघडून तो उंबऱ्यातच थबकला.

“ताई? तू इथे?”

“बारा वर्षं झाली. बस.”

“मला वाटलं तू पॅकिंगला आहेस.”

“आईला वाटतं मी कॅशिअर आहे. बस ना, खुर्ची चावत नाही.”

तो बसला. हातातला कागद त्याने टेबलावर सरकवला. “हे काय आहे? ‘यांत्रिक स्वरूपाची करकर, एकूण दोनशे सदतीस वेळा.’ मोजलीस?”

“पगार त्याचाच आहे.”

“अगं, ती तुझ्याच पेडलची आहे!”

“छे. कव्हरवर दुसऱ्याचं नाव आहे. म्हणजे पेडल त्याचंच असणार. त्याला विचार, तेल का नाही घातलं.”

भावाने हसून बघितलं. लहानपणी काचा फोडल्यावर हसायचा तसा. ती हसली नाही. मग तो खाली बघत म्हणाला, “त्याला जमलं नाही ते. एकोणीस वेळा घेतलं. सातचा ठेका आहे, आणि हा प्रत्येक वेळी आठावर जाऊन आपटतो.”

“आपटू दे की. केस चांगले आहेत.”

“म्हटलं, कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही. फक्त तू जगातल्या एकाच माणसाकडे तपासायला पाठवलंस.” तिने अर्ज उलटा केला. “कलम चौदा वाच.”

कलम चौदा जुनं होतं. एका गायकाच्या रेकॉर्डवर मध्येच कुत्रं भुंकलं होतं आणि दुकानदारांनी सदोष माल म्हणून खोकीच्या खोकी परत पाठवली होती. तेव्हापासून नियम झाला : असा आवाज मूळ ध्वनिमुद्रणातच असेल, तर तो कशाचा आणि कोणामुळे, हे ग्राहकाने लेखी द्यायचं, आणि तो मजकूर छापून प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी घालायची.

“प्रत्येक?” भाऊ म्हणाला.

“चारशेच्या चारशे. नाहीतर पेडलला तेल घालून गाणं पुन्हा वाजवून आणा. शनिवारच्या आत.”

त्याने पेन घेतलं. दोन ओळी लिहून कागद पुढे केला. तिने वाचून परत दिला.

“‘एक जुनी सहकारी’ चालणार नाही. कुत्र्याचंसुद्धा नाव घातलं होतं आम्ही.”

त्याने खोडून तिचं नाव लिहिलं.

“आडनाव पण. आपलं एकच आहे, आठवत असेल. आणि ‘चौथ्या गाण्यातले ड्रम यांनी वाजवले आहेत’ हे पूर्ण वाक्य हवं. पेडल काय आपोआप हललं?”

त्याने लिहिलं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. ती निवांत बघत होती. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

सही करून तो उठला, पण गेला नाही. “ताई, रेडिओवर तेच गाणं गाजतंय. शनिवारी लोक तेच मागणार. ये ना. एवढं एक वाजव. मी माइकवर सगळ्यांना सांगतो, ही माझी ताई. शपथ.”

सोमवारपर्यंत कुणी हे म्हटलं असतं, तर ती चपला न घालता गेली असती. टेबलाखाली उजव्या पायाने सातचा ठेका धरलासुद्धा. तिने तो धरू दिला आणि थांबायची वाट पाहिली.

“शनिवारी माझी ड्युटी आहे,” ती म्हणाली.

“रजा टाक.”

“रजेचा अर्ज आठवडाभर आधी द्यावा लागतो.”

तो मान हलवून जिना उतरला. तिने शिक्का उमटवला आणि शेरा लिहिला : नमुना मंजूर. दोष ग्राहकास मान्य. कलम चौदानुसार कार्यवाही व्हावी.

रविवारी आईचा फोन आला. “सातच गाणी झाली गं. लोक ओरडून ओरडून ते एक मागत होते, आणि हा म्हणे घसा बसला. हातात चिठ्ठ्या नाचवत होते सगळे. तू जायला हवं होतंस.”

“ड्युटी होती.”

“हो, तो म्हणाला तसं.”

शनिवारी कारखाना बंद असतो.