तिच्या कॅसेटवरचा माझा आवाज

मत्सर हा षड्रिपूंमध्ये सर्वांत शेवटी गणला जातो. माझ्या आयुष्यात मात्र तो सर्वांच्या आधी आला, आणि आला तो ज्याच्यावर माझा अत्यंत जीव होता त्याच्याच घरी.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य असावा. आम्ही मुलुंडच्या पूर्वेला राहत असू आणि मी दहावीत होतो. वडिलांकडून लहानपणीच संथा घेतलेली असल्याने माझे उच्चार स्वच्छ होते. देवासमोर एकटा बसलो की आवाज घंटेसारखा लागे. परंतु कोणाचे डोळे माझ्याकडे वळले की छातीत धडधड सुरू होई, तळहातांना पाणी सुटे आणि जीभ टाळूला चिकटून बसे. वर्गात हजेरी घेताना माझा क्रमांक येई, आणि ‘हजर’ एवढा एक शब्द गळ्याबाहेर पडत नसे. बाकावर बसलेला असूनही मी कित्येक दिवस गैरहजर ठरलो आहे. या व्याधीला आमच्या घरात नाव नव्हते. आई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढी. वडील म्हणत, “प्राणायाम वाढव.” मी वाढवला. संध्या आटोपेपर्यंत श्वास ताब्यात असे. शाळेच्या फाटकाशी तो पुन्हा उधळे.

आमच्या संस्कृतच्या सरांना हे सारे ठाऊक होते. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “स्टेशनजवळच्या चाळीत एक मुलगा आहे, तुझ्याच वयाचा. दृष्टी नाही. त्याला धडे वाचून दाखवायला कोणीतरी हवे. तू जाशील?”

मी गेलो. लहानपणच्या तापात त्याचे डोळे गेले होते. वडील पूर्वी गिरणीत होते, आता भांडुपच्या एका कारखान्यात. आई मूळची मालवणकडची. तिने दारातच म्हटले, “ये रे, बस हंय. तो तुझीच वाट बघता हा.” खाटेवर मामाने आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर होता. मी वाचायचे, यंत्राने ते टिपून घ्यायचे आणि त्याने पुढे हवे तेव्हा ऐकायचे, अशी योजना होती.

पुस्तक उघडले आणि माझा आवाज लागला. देवासमोर लागे तसाच. माझ्याकडे पाहणारे कोणी नव्हते ना!

महिनाभरात आमची मैत्री जमली. मी रोज दुपारी शाळा सुटल्यावर जाई. तो चेष्टेखोर होता. एकदा वाचन मध्येच थांबवून म्हणाला, “आज शाळेत काहीतरी झालंय.”

“कशावरून?”

“दोन वाक्यांच्या मध्ये तुझा श्वास ऐकू येतो. आज कुत्रं मागे लागल्यासारखा येतोय.”

मी त्याला हजेरीची गोष्ट सांगितली. हे मी कोणालाच सांगितले नव्हते. तो हसला नाही. म्हणाला, “मला ऐकू आलास ना, झालं तर मग.”

रविवारी मी जात नसे, कारण रविवार तिचा होता. ती समोरच्या इमारतीत राहणारी, मुलींच्या शाळेत दहावीलाच असलेली. ती त्याला इतिहास आणि भूगोल वाचून दाखवी. एका रविवारी विसरलेली वही आणण्याच्या निमित्ताने मी गेलो, तेव्हा ती दारात चपला चढवत होती. “तूच का तो संस्कृतवाला? हा तुझं फार कौतुक करतो,” ती म्हणाली. मला उत्तर द्यायचे होते. ओठ हलले, आवाज आला नाही. ती वेणी मागे टाकून जिना उतरून गेली.

पुढच्या प्रत्येक रविवारी माझे काही ना काही तिथे विसरलेले असे. पण जिन्यात पोचलो की आतून त्या दोघांचे हसणे ऐकू येई आणि मी कठड्याला धरून उभा राही. ती त्याच्याशी किती सहज बोले! त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, तरी तिचा संपूर्ण आवाज त्याच्या मालकीचा होता. मला तिचा चेहरा दिसे, आणि त्या चेहऱ्यासमोर मी दगड होई. त्याच्या अंधत्वाचाही मला हेवा वाटला. ईश्वर मला क्षमा करो, पण वाटला हे खरे आहे.

त्यात कॅसेटची गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या काळच्या कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन इवल्या पट्ट्या असत. त्या मोडून टाकल्या की कॅसेटवर पुन्हा काही टिपता येत नसे. आधीचा आवाज सुरक्षित राही. तिच्या सगळ्या कॅसेटच्या पट्ट्या त्याने मोडल्या होत्या. माझ्या एकाही कॅसेटची मोडली नव्हती. माझ्या वाचनावर तो खुशाल नवे वाचन टिपून घेई.

ते पाहिले आणि माझे अन्न गोड लागेनासे झाले. संध्येला बसलो की डोळ्यांपुढे त्या मोडक्या पट्ट्या येत.

एका गुरुवारी त्याची आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. शेजारणीकडून किल्ली घेऊन आत बसण्याची मला मुभा होती. तेवढा त्या घराचा माझ्यावर विश्वास होता. मी तिची इतिहासाची कॅसेट काढली. पट्टीच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की यंत्र फसते, हे मला माहीत होते. वहीच्या पहिल्या पानाचा कोपरा फाडून बोळा केला, कळ दाबली, आणि तिने वाचलेला धडा तिच्या आवाजावर मी माझ्या आवाजात वाचून काढला. धडा तोच, तेव्हा मित्राचे नुकसान काहीच नाही, अशी मनाची समजूत घातली. इतके सुरेख मी त्यापूर्वी कधी वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो माझाच आवाज ऐकत बसला होता. त्याने यंत्र बंद केले. कॅसेट काढून तिच्या कडेवरून बोट फिरवले, नखाने बोळा उपसला आणि मांडीवर ठेवून सपाट केला.

“यावर काहीतरी लिहिलंय का रे?”

“हो.”

“वाच.”

पहिल्या पानाचा कोपरा होता तो. त्यावर माझे नाव होते. माझे तळहात भिजले. तो थांबून राहिला, घाई न करता. अखेर मी माझे नाव वाचले. हजेरीच्या वेळी जमले नव्हते ते त्या खाटेवर करावे लागले.

“का केलंस?”

“तिच्या कॅसेट तू जपतोस. माझ्या जपत नाहीस.”

तो चिडून म्हणाला, “अरे येड्या, ती आठवड्यातून एकदा येते. तिचं पुसलं तर मी सात दिवस थांबायचं. तू रोज येतोस. रोज येणाऱ्याचा आवाज जपून कशाला ठेवू?” आणि थोड्या वेळाने, “आता हे तिला तूच सांगायचं. मी नाही सांगणार.”

रविवारी मी जिन्यात थांबलो नाही. आत गेलो आणि भिंतीकडे पाहत, अडखळत, सारे तिला सांगितले. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

“तासभर घसा फोडला होता मी! एवढी हौस होती तर नवी कॅसेट घेता आली नाही तुला?”

“चूक झाली.”

“झालीच. मी पुन्हा वाचते. तू तिथे बस आणि कळ दाब. शिक्षा आहे ही.”

त्याने दिलेली कोरी कॅसेट घालून मी कळ दाबली. ती वाचू लागली. माझा श्वास टिपला जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरून बसलो होतो. खाटेवर तो डोके कलते करून ऐकत होता, आणि शिक्षा भोगतानाही त्याच्या त्या ऐकण्याचा मला हेवा वाटत होता. धडा संपत आला असता तिला खोकल्याची उबळ आली. तिने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. मी यंत्र थांबवू लागलो, तोच त्याने अंदाजाने माझे मनगट पकडले आणि पुस्तकाकडे हनुवटी उडवली. फीत फिरत होती. ती पेला तोंडाला लावून, पेल्यावरून माझ्याकडे पाहत होती. मी पुढचे वाक्य वाचले. संपूर्ण. मग तिने त्याच्या पुढचे वाचले आणि धडा पुरा केला.

“वाचतोस की चांगला!” ती म्हणाली. “मग दारात भेटल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरतोस का?”

तो मोठ्याने हसला. मी विचारले, “माझं तेवढं वाक्य पुसू का? ती पुन्हा वाचेल.”

“राहू दे,” तो म्हणाला. त्याने कॅसेट काढली, पट्टी मोडली आणि तो प्लास्टिकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. माझा तळहात कोरडा होता.

त्या दिवशी मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारी मी जिना चढत असताना आतून पुन्हा त्या दोघांचे हसणे आले आणि तोच जुना हेवा जागा झाला. मी कठड्याशी थांबलोही. मग दार ढकलून आत गेलो आणि म्हणालो, “काय झालं एवढं हसायला? मलाही सांगा.”