गालापासून निघालेला पट्टा

हणमंत सोलापुरी चादरींचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरायचा. पण गाव कुठलंही असो, चादरीची गोष्ट काढायच्या आधी तो मासे कुठे आहेत ते विचारायचा. तेही मासे धरणाऱ्यांना नाही. ते कशाला सांगतील? धुणं धुणाऱ्या बायांना विचारायचा, की पायाला मासे कुठे टोचतात. बाया हसायच्या आणि बरोबर जागा दाखवायच्या. मोडनिंबच्या ओढ्यापासून जेऊरच्या तळ्यापर्यंत ही युक्ती कधी फसली नव्हती.

हा नाद बापाचा, कुंडलिकआबांचा. ते गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. तिथल्या एका गोऱ्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं, की उटीच्या थंडगार ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो आणि त्याच्या अंगावर गुलाबी पट्टा असतो. आबांनी हे सोलापुरातल्या कंबर तलावाच्या काठी, गळ टाकून बसलेल्या दोस्तांत बोलून दाखवलं आणि जन्माचे थापाडे ठरले. माशाला काय चादरीसारखा काठ असतो का, म्हणत दोस्तांनी तीस वर्षं त्यांची टर उडवली. ज्ञानू त्यात सगळ्यांत पुढे. आता आबांची नजर गेली होती, तलावही सुटला होता. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात हणमंत चादरी विकायला उटीला निघाला, तेव्हा ते म्हणाले, "तेवढा मासा बघून ये. साहेब खोटं बोलला असंल तर तसं सांग. मला वाईट न्हाय वाटायचं."

वाईट वाटणार होतं, हे हणमंतला पक्कं ठाऊक होतं.

उटीत मात्र युक्ती फसली. असल्या गार पाण्यात उभं राहून धुणं धुणार कोण? ज्वारीच्या पिठाची गोळी लावून तो दोन दिवस बसला. एका माशानं ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कानडी बोलणाऱ्या राखणदारानं हटकलं, परवान्याशिवाय इथं गळ टाकायचा नाही. हणमंतनं अक्कलकोटच्या आजोळच्या कानडीत सगळी हकिकत सांगितली, तसा तो माणूस विरघळला. एकदाच टाक, लागला तर सोडून दे, असं बजावत तो म्हणाला, की हा मासा पीठ खात नाही, पाण्यावरची माशी खातो.

हणमंतच्या अंगावर आबांनी घरच्या मागावर विणलेली शेवटची चादर होती. तिच्या टोकाला लोंबणाऱ्या दशांतला एक लाल धागा त्यानं उपसला, गळाला गुंडाळला आणि पाण्यावर नाचवला. झटका बसला. क्षणभर तो मासा त्याच्या ओंजळीत होता. हणमंतनं डोळे भरून पाहिला आणि सोडला.

घरी आला तो हात हलवत. ज्ञानू मुद्दाम येऊन बसलेला. मासा सोडला म्हटल्यावर तो हसायलाच लागला. आबांनी त्याला हातानं थांबवलं.

"पट्टा कुटनं सुरू हुतो, हणमंता?"

"गालापासनं, आबा. तितनं निघतो ते शेपटापतुर जातो."

आबा ज्ञानूकडे वळले. "गालाचं मी कुनालाच सांगितलं न्हवतं, ज्ञानू. पट्ट्यालाच एवढं हसलात, म्हनून तेवढं माज्यापाशी ठेवलं."

 ज्ञानू सरकून आबांच्या जवळ बसला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं, "आनी काय काय सांगितलं हुतं रं साहेबानं?"